वेताळाच्या वहाणा

परी म्हटले की आपल्याला आठवते ती शाळेच्या स्नेहसंमेलनातली परी. पांढरा झगा, पुठ्ठ्याचे पंख, हातात चांदणी लावलेली काठी. इंग्रजी पुस्तकांतून ती आपल्याकडे आली आणि चांगली रुळली. पण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा समुद्राला लागून असलेला प्रांत आहे, तिथल्या आजीबाईंना ही परी दाखवली असती तर त्या हसल्या असत्या. त्यांच्या पऱ्या वेगळ्या. 'पिस्की' म्हणजे वीतभर उंचीचा, फाटक्या कपड्यांतला, सुरकुतल्या तोंडाचा खोडकर जीव. रात्री माळावरून जाणाऱ्याची तो वाट चुकवतो. त्यावर उपाय म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा. आपल्याकडे चकवा लागतो, तोच हा प्रकार.

दुसरा 'नॉकर'. हा कथलाच्या खाणीत राहायचा. भिंतीवर ठकठक करून कुठे धातू आहे ते सांगायचा आणि कधी खाण कोसळायची असेल तर आधी इशाराही द्यायचा. खाणकामगार आपल्या डब्यातल्या पेस्टीचा (आपल्या करंजीच्या आकाराचा हा मांस-बटाट्याचा पदार्थ) एक तुकडा त्याच्यासाठी ठेवून देत. आता कोणी म्हणेल, ती ठकठक म्हणजे दगडावर आणि लाकडी टेकूंवर येणारा दाब. असेलही. पण आवाज ऐकून बाहेर पळावे, हे शहाणपण त्या गोष्टीने जपले होते. रॉबर्ट हंट यांनी १८६५ साली या प्रांतातल्या लोककथांचा मोठा संग्रह छापला. त्यात ही सगळी मंडळी भेटतात.

या मंडळींचे आजच्या कथा-कादंबऱ्यांत काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९९८च्या मार्च महिन्यात कॉर्नवॉलमधली साउथ क्रॉफ्टी ही शेवटची चालू कथलाची खाण बंद पडली. नॉकरांचे घरच बंद झाले म्हणा ना! आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हॅरी पॉटरचे दुसरे पुस्तक आले, ज्यात 'कॉर्निश पिक्सी' आहेत. झगझगीत निळ्या रंगाच्या, पिंजऱ्यात कोंडलेल्या. एक बढाईखोर मास्तर त्यांना वर्गात मोकळे सोडतो आणि त्या वर्गाची धूळधाण करतात. प्रसंग मजेदार आहे, वाचताना मीही हसलो. पण त्यांच्यात कॉर्नवॉलचे काय उरले? नाव आणि खोडकरपणा. माळ नाही, वाट नाही, उलटा कोट नाही. नॉकरांची गत तर आणखी न्यारी. कॉर्नवॉलचे खाणकामगार पोटासाठी अमेरिकेला गेले, त्यांच्याबरोबर नॉकरही गेले आणि तिथे त्यांचे 'टॉमीनॉकर' झाले. १९८७मध्ये स्टीफन किंग यांनी त्याच नावाची कादंबरी लिहिली, तर तिच्यात जमिनीखालून निघाले परग्रहावरचे यान!

लेखकाने लोककथेला हात लावू नये, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर जगातले अर्धे साहित्य बाद करावे लागेल. माझे म्हणणे एवढेच की उचलण्याचे दोन प्रकार असतात. एक, रूप उचलणे. दोन, नियम उचलणे. हॅरी पॉटरच्या त्याच पुस्तकात दुसऱ्या प्रकाराचेही उदाहरण आहे. पिस्कीची एक जुनी गोष्ट अशी की तो रात्री येऊन शेतकऱ्याचे धान्य झोडून द्यायचा. त्याची फाटकी वस्त्रे पाहून शेतकऱ्याने नवे कपडे ठेवले, ते घालून तो नाचला आणि कायमचा निघून गेला. पॉटरच्या पुस्तकातला डॉबी हा घरगडी एका मोज्यामुळे गुलामीतून सुटतो. नियम तोच, कपडा दिला की सेवा संपली. निळ्या पिक्सी मुलांना हसवतात, पण डॉबी लक्षात राहतो, तो यामुळे.

हे सगळे मी का सांगतोय? कारण आपल्या वेताळाच्या बाबतीत हीच गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे, आणि वेताळ म्हटला की आधी उज्जैनला जावे लागते.

काही वर्षांपूर्वी मी उज्जैनला गेलो होतो. महाकालाचे दर्शन घेतले. गोवेकराला तिथे परके वाटायचे कारण नाही. अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी, म्हणजे आपल्याकडच्याच एका शेणव्याने. हरसिद्धीच्या देवळापुढच्या उंच दीपमाळा पाहिल्या की आपल्या मुलखातच आल्यासारखे वाटते. क्षिप्रेच्या काठी चक्रतीर्थाचे स्मशान आहे. तिथे उभे राहिल्यावर विक्रमाची आठवण येणारच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, आणि प्रेतातून बोलणारा वेताळ.

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते मराठीच, पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनला राहिलेले. रात्री जेवताना मी त्यांना सांगितले, "काका, आमच्याकडे गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात." ते घास हातात धरून बघतच राहिले. "वेताळाला वहाणा? अहो, आमच्या घरात तर वेताळ गोष्टीतच राहिला. मुलं झोपत नसली की त्याला बोलवायचं!" काकू हसून म्हणाल्या, "म्हणजे तुमचा वेताळ चालतो, आणि आमचा लोंबकळतो!"

काकूंचे ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. एकाच नावाचे दोन वेताळ. एक उज्जैनचा, एक आपला. दोघांचेही नियम ठरलेले आहेत, आणि दोघांचेही नियम विसरून फक्त रूप उरते आहे.

आधी उज्जैनचा वेताळ बघू. एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. पण तिथला राजा उज्जैनचा नाही! तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन. पुढच्या रूपांतरांतून आणि लोकांच्या तोंडून ही कथा उज्जैनच्या विक्रमादित्याकडे गेली आणि तिथेच स्थिरावली. म्हणजे वेताळ महाराष्ट्रातून माळव्यात गेला म्हणायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली, तेव्हा तो एका परीने घरी परतला.

या वेताळाचा नियम काय? राजाने बोलायचे नाही. बोलला तर प्रेत परत झाडावर. पण वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील. म्हणजे काम साधायचे तर गप्प बसायला हवे आणि जगायचे तर खरे बोलायला हवे. राजा दर वेळी खरे बोलतो आणि दर वेळी पुन्हा स्मशानात परत जातो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याला सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो. प्रसन्न होऊन काय करतो? ज्या भिक्षूसाठी राजा हे प्रेत वाहतो आहे, तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे, हे सांगून राजाचा जीव वाचवतो. भूत कोण आणि माणूस कोण, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडावा! सत्ता हातात असलेल्या माणसाला रात्रभर उत्तरे द्यायला लावणारा हा वेताळ आहे. त्याला नुसता भीतिदायक करणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे.

ते तोंड बंद करण्याची सुरुवात फार पूर्वी झाली. रिचर्ड बर्टन हा इंग्रज आपल्या गोव्यात येऊन गेलेला माणूस, १८५१ साली त्याने गोव्यावर पुस्तकही छापले. १८७०मध्ये त्याने वेताळाच्या काही गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि नाव दिले 'विक्रम आणि व्हँपायर'. वेताळ कुणाचे रक्त पीत नाही. पण युरोपच्या वाचकाला ओळखीचे भूत हवे होते, म्हणून वेताळाच्या तोंडात दुसऱ्याचे दात बसवले. त्याचेच पुढचे टोक म्हणजे २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'बेताल' ही मालिका. तिच्यात लाल डगल्यातले कंपनी सरकारचे गोरे शिपाई प्रेते होऊन उठतात. कंपनीच्या काळात पुरलेला अन्याय वर येतो, ही कल्पना वाईट नाही. पण नाव बेताल आणि कोणी काही विचारत नाही, नुसते चावे! झोंबी म्हटले असते तरी चालले असते.

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटतात. आपल्या पिढीचा 'चांदोबा' आठवा. मराठी 'चांदोबा' १९५२ला सुरू झाला. वेताळाच्या मूळ गोष्टी किती? पंचवीस. महिन्याला एक धरली तर दोन वर्षांत संपल्या असत्या. पण 'चांदोबा'ने त्या कैक वर्षे चालवल्या, कारण संपादक मंडळींनी नव्या गोष्टी रचल्या आणि नियम मात्र जुनाच ठेवला. झाड तेच, मौन तेच, शेवटी प्रश्न आणि उत्तर दिले की परत झाडावर. शंकर या चित्रकाराचे ते चित्र, ज्यात राजा तलवार उपसून निघाला आहे आणि पाठीवर प्रेत आहे, अजून डोळ्यांपुढे येते. शंकर २०२० साली गेले, त्याआधीच २०१३मध्ये मासिक बंद पडले होते. १९८५मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची मालिका आली. आजच्या मुलांना तिची ट्रिक-फोटोग्राफी हास्यास्पद वाटेल, पण रविवारी उत्तर काय असेल यावर घरात वाद व्हायचे. वेताळाला आणखी काय पाहिजे?

आणि मोठ्यांच्या साहित्यात बघा. वेताळाच्या एका गोष्टीत देवीच्या देवळात दोन पुरुषांची मुंडकी अदलाबदल होऊन बसतात. बाईचा नवरा कोण, हा प्रश्न. सोमदेवाकडे त्यातला एक नवरा आणि दुसरा तिचा भाऊ आहे. राजा उत्तर देतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचे डोके तो नवरा, कारण सर्व अंगांत डोके श्रेष्ठ. टोमास मान या जर्मन लेखकाने १९४०मध्ये हीच गोष्ट घेऊन लघुकादंबरी लिहिली, भावाच्या जागी मित्र आला. तिच्यावरून गिरीश कार्नाड यांनी 'हयवदन' लिहिले, आणि ते मराठीत आणले ते आपल्या शेजारच्या तळकोकणच्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी. या दोन्ही ठिकाणी वेताळ दिसत नाही. पण दोघांनीही राजाचे उत्तर मान्य केलेले नाही. डोके श्रेष्ठ म्हणता, मग शरीराचे काय? असे विचारून त्यांनी प्रेत पुन्हा झाडावर नेऊन टांगले. वेताळाचे नाव न घेता वेताळाचे काम केले. नेटफ्लिक्सने नाव घेतले आणि काम सोडले. आधुनिक कथेत या जीवांचे स्थान कुठे, या प्रश्नाचे माझे उत्तर या दोन उदाहरणांत आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपला वेताळ कोड्यात बोलत नाही. तो सातेरी, केळबाय, रवळनाथ, भूमका यांच्या पंगतीतला गावचा देव आहे. आमोण्याचा वेताळ, प्रियोळचा वेताळ, पैंगीणचा वेताळ, लोलयेची ती उघड्यावर उभी असलेली दगडी मूर्ती. तेरेखोलपलीकडे गेलात तर आरवलीचा वेतोबा, जयवंत दळवींच्या गावचा. तिथली मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या वहाणा. वहाणा का? कारण तो रात्री गावाची सीम फिरतो. फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. देवळात ठेवलेल्या वहाणा झिजलेल्या दिसतात, असे सांगणारी माणसे आजही भेटतात.

हा विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. मी स्वतः देवभोळा नाही. पण यातला नियम बघा. गावाला एक सीम आहे. ती राखणारा कोणीतरी आहे. तो आपल्यासाठी चालतो, म्हणून त्याच्या पायांची काळजी आपण घ्यायची. गार्‍हाणे घालून त्याला अडचण सांगायची. हा सरळ देण्याघेण्याचा करार आहे. कॉर्नवॉलच्या खाणीत पेस्टीचा तुकडा ठेवणारा कामगार आणि आमोण्यात वहाणा वाहणारा गावकर यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण हा करार लगेच कळला असता.

आणि हा करार मोडतो तेव्हा काय होते, हे गोव्याला सांगायला नको. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत खाणींनी डोंगरांचे काय केले ते आपण पाहिले. आता डोंगर कापून वसाहती उठताहेत. ज्या वाटेने राखणदार फिरतो म्हणत, ती वाटच राहिलेली नाही. मग उरते काय? नाव. सासष्टीतल्या बेताळभाटीचे उदाहरण घ्या. वेताळाचे देऊळ होते म्हणून गावाला ते नाव. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडले. चारशे वर्षांहून जास्त काळ लोटला, नाव टिकले. पण आज तिथल्या किनाऱ्यावर आलेल्या किती जणांना, किंबहुना आपल्याच किती मुलांना, त्या नावात कोण बसला आहे ते माहीत असेल? कॉर्नवॉलच्या दुकानांत पितळेच्या छोट्या पिस्की शकुनाच्या म्हणून विकायला असतात. आपला वेताळही उद्या फ्रिजवर चिकटवायच्या लोहचुंबकावर आला, तर मला नवल वाटणार नाही.

यावर माझे काही मित्र म्हणतात, "अरे, देवाला कथेत आणायचे कशाला? भावना दुखावतील." दुसरे म्हणतात, "भुताखेतांच्या गोष्टी लिहून मुलांना मागे नेऊ नकोस." दोन्ही बाजूंना माझे एकच सांगणे आहे. आपण लिहिले नाही तर दुसरे लिहिणारच आहेत. २०२३मध्ये सन मराठीवर वेतोबाची मालिका आली. भक्तिमालिकेची तिची म्हणून एक चौकट असते, त्या चौकटीत ती झाली. तिकडे ओटीटीवाले चाव्यांच्या मालिका करतील. देव आणि सैतान या दोन खणांपलीकडे तिसरा खण त्यांच्याकडे नाही. आपला वेताळ नेमका त्या तिसऱ्या खणातला. भीती वाटावी असा, आणि तरीही आपला. फार पूर्वी इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉकच्या 'फँटम'चे मराठी नाव 'वेताळ' ठेवले होते. जंगल राखणारा, रात्री फिरणारा, कवटीची खूण असलेला. ज्याने कोणी ते नाव सुचवले त्याला वेताळ म्हणजे राखणदार हे पक्के कळलेले असणार.

म्हणून गोव्यातल्या मराठी लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे आहे, विशेषतः मुलांसाठी लिहिणाऱ्यांकडे. पिक्सी आणि व्हँपायर खुशाल वाचा. पण वेताळाची गोष्ट लिहाल तेव्हा त्याला झोंबी करू नका आणि नुसता चमत्कारी बाबाही करू नका. त्याच्या वहाणा त्याच्या पायांत राहू द्या. एका रात्री तो सीम फिरायला निघाला आणि सीम सापडेचना, तर तो काय करील? कुणाला विचारील? उज्जैनच्या वेताळाचा प्रश्न विचारण्याचा नियम आणि आपल्या वेताळाचा राखणीचा नियम एकत्र आले, तर आजच्या गोव्याची केवढी मोठी गोष्ट होईल! आजच्या राजांना तो काय विचारील, याची कल्पना करून बघा.

कथासरित्सागरात शेवटी राजाने वेताळाकडे एक वर मागितला आहे. या गोष्टी जगात गाजाव्यात. वेताळाने तो दिला, वर आणखी सांगितले की जिथे या गोष्टी सांगितल्या जातील तिथे भुतेखेते, स्वतः वेताळसुद्धा, कुणाला त्रास देऊ शकणार नाहीत. म्हणजे गोष्ट सांगणे हीच राखण. हा वर अजून रद्द झालेला नाही.

तेव्हा वाचकहो, लेखक नसलात तरी एक काम करा. या शिमग्याला किंवा जत्रेला गावी जाल तेव्हा गावातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या, आपला राखणदार कोण, तो कुठून कुठे फिरतो आणि त्याला काय देतात. गार्‍हाण्याचे शब्द लिहून ठेवा. ते शब्द आणि त्या वाटांची नावे हाच उद्याच्या गोष्टीचा कच्चा माल आहे, आणि तो सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.